ज्याच्या हाती बाटली

कोणत्याही संस्थेचा कारभार वरून चालतो अशी वरच्यांची प्रामाणिक समजूत असते आणि ती समजूत शाबूत ठेवून खालच्यांना कारभार चालवावा लागतो. या व्यवस्थेत वाईट काही नाही. तिच्यावर जगातले बरेच कारखाने, कचेऱ्या आणि संसार सुखाने चालले आहेत. अडचण येते ती वरच्यांनी ही समजूत खरी करून दाखवायचं मनावर घेतलं की.

झाकणांच्या कारखान्यातल्या फोरमनला या सगळ्यातून काय मिळणार होतं ते आधीच टिपून ठेवलेलं बरं, कारण पुढे माणसं तत्त्वाचं बोलू लागतात आणि मग मूळ यादी सापडत नाही. एक, डोक्यापर्यंत पाठ असलेली खुर्ची (सव्वीस वर्षं तो मशीनजवळच्या लोखंडी स्टुलावर बसत होता). दोन, केबिन; भिंती काचेच्या, पण दार लागणारं. तीन, शेडखाली मोटार लावायची जागा. त्याच्याकडे स्कूटर होती, पण ती मोटारीच्या जागेत आडवी कशी लावायची याचा त्याने रविवारी सकाळी येऊन सराव केला होता. चार, नाव आणि हुद्दा छापलेली शंभर कार्डं. आणि पाच, जे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते म्हणजे साडूचं तोंड बंद होणं. हा साडू एका बड्या कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट होता आणि सासऱ्यांकडे सगळे जेवायला जमले की त्याचं प्रत्येक वाक्य "आमच्या लेव्हलला" असं सुरू व्हायचं. "आमच्या लेव्हलला सुट्टी अशी नसतेच," असं तो सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांदा भात वाढून घेताना सांगायचा.

जमेला पाच बाबी. नावेच्या बाजूला फोरमनने काही लिहिलं नाही. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला नावेची बाजू कशाला?

आता कारखान्याविषयी. तिथे फक्त झाकणं बनत. बाटल्या दुसरे बनवत, बाटलीत काय भरायचं ते तिसरे ठरवत. या कारखान्याची जबाबदारी एवढीच, की आत काहीही असलं तरी ते बाहेर येता कामा नये. कारखाना थोरल्या मालकांनी उभा केला होता आणि तो कसा चालतो ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून सकाळी अकरा वाजता ते मुद्दाम मागच्या बाजूला फिरकत नसत. मागे माल चढवायचा ओटा होता. अकराला तिथे कॅन्टीनचा चहा यायचा, आणि फोरमन, स्टोअर सांभाळणाऱ्या बाई व मापं तपासणारा तपासनीस असे तिघे उभ्याउभ्या तो प्यायचे. एखादा ट्रक लागलेला असला तर ड्रायव्हर चौथा.

बोलणं साधारण असं चाले:

"बाई, प्लास्टिकचा निळा दाणा किती आहे?"

"दोन दिवसांचा. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे बघून रडायचं नाही."

"मग उद्या पांढरं काढू. काय हो, पांढऱ्याचं माप?"

"कालचं चालेल. परवाचं जरा सैल होतं."

"झालं तर मग. कप द्या इकडे."

या संभाषणात महिनाभराचं उत्पादन, खरेदी आणि पाठवणी ठरत असे. आपण निर्णय घेतो आहोत हे तिघांनाही माहीत नव्हतं, त्यामुळे निर्णय सरासरी चार मिनिटांत होत. पंधरा वर्षांच्या काळात त्यांचे नऊ निर्णय चुकले, त्यांपैकी सात दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दुरुस्त झाले. (उरलेल्या दोनांबद्दल बाई आणि तपासनीस यांच्यात अजून मतभेद आहेत.)

थोरल्या मालकांचे गुडघे गेले आणि कारभार धाकट्या मालकांकडे आला. धाकटे मालक स्वभावाने चांगले. पण अकरा दिवसांच्या एका निवासी शिबिराला जाऊन आले आणि परतले ते उतरलेल्या चेहऱ्यानेच.

"फोरमनकाका," ते म्हणाले (लहानपणी ते फोरमनच्या स्टुलावर बसून बिस्किटं खात, त्यामुळे काका), "आपल्याकडे टीमच नाही हो. नुसती माणसं आहेत."

फोरमनने मान हलवली. सव्वीस वर्षं हे आपल्या लक्षात कसं आलं नाही याचं त्यालाही जरा वाईट वाटलं.

पंधरा दिवसांत टीम घडवायला एक मार्गदर्शक आले. मार्गदर्शक अत्यंत हळू आवाजात बोलत. ऐकू यावं म्हणून सगळ्यांना पुढे वाकावं लागे आणि लांबून पाहणाऱ्याला वाटे, काय ही एकाग्रता! त्यांनी पहिल्या भेटीत कारखाना पाहायला नम्रपणे नकार दिला. कारखाना पाहिला की मन पूर्वग्रहदूषित होतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. कार्यकारी नेतृत्व-संघ सात जणांचा असावा, हे मात्र त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. या आकड्यामागे शास्त्रीय कारण होतं (बैठकीच्या टेबलाभोवती सात खुर्च्या मावत होत्या).

संघ पुढीलप्रमाणे स्थापन झाला. धाकटे मालक स्वतः. त्यांचा मेव्हणा, ज्याला इतके दिवस 'मेव्हणा' याच पदाचा पगार मिळत होता, तो मुख्य संस्कृती अधिकारी झाला. हिशेबनीस मुख्य वित्त अधिकारी झाला आणि त्या दिवसापासून त्याने हिशेबाच्या वह्यांना हात लावणं सोडलं. विक्रीवाला होताच, तो सगळीकडे असतोच. माणसं भरती करणाऱ्या मॅडम होत्या. संगणक दुरुस्त करणारे गृहस्थ होते; कोणतंही यंत्र बंद करून पुन्हा चालू करा, असं ते सांगत आणि तसं केलं की ते चालतही असे, म्हणून त्यांच्याकडे 'परिवर्तन' हे खातं आलं. सातवा फोरमन. हुद्दा: मुख्य कार्यान्वयन अधिकारी. हुद्द्यापुढे कंसात 'निरीक्षणाधीन, तीन महिने'.

हा कंस महत्त्वाचा आहे. बाकी सहा जण नेते आहेत हे मार्गदर्शकांना चेहऱ्यावरून कळलं होतं. फोरमनबद्दल त्यांना शंका होती, कारण पहिल्याच बैठकीला तो हाताला ग्रीस लागलेल्या अवस्थेत आला. संघाच्या सनदेतलं चौथं कलम असं होतं: "सदस्याने कामात असू नये, कामाच्या वर असावे." हे कलम पाळलं जातं की नाही हे पाहण्यासाठी भिंतीवर एक तक्ता लावला गेला. बैठकीत ज्याच्या तोंडून यंत्र, माल, ट्रक, साचा, गळती असा खालच्या पातळीचा शब्द निघेल त्याच्या नावापुढे लाल टिकली. उच्च पातळीचा विचार मांडला की हिरवी टिकली. निरीक्षणाधीन सदस्याला तीन लाल टिकल्या पडल्या की त्याने खुर्ची सोडून सन्मानाने खाली जायचं. पहिली हिरवी टिकली पडली की तो कायम.

फोरमनला पहिल्या आठवड्यात दोन लाल पडल्या. पहिली, "दोन नंबरचं मशीन तापतंय" असं म्हणाला म्हणून. दुसरी, ते मशीन खरंच बंद पडलं तेव्हा उठून उभा राहिला म्हणून.

त्यानंतर तो फार जपून वागू लागला. बैठकीला जाण्याआधी बाथरूममध्ये तोंडावर पाणी मारून तो स्वतःला बजावे, "माल म्हणायचं नाही. मूल्य म्हणायचं."

संघ उभा राहताच त्याच्या कार्यक्षमतेच्या आड काय काय येतं याचा शोध घेण्यात आला आणि ओट्यावरचा चहा सापडला. दुसऱ्याच दिवशी नोटीस लागली: "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, अनौपचारिक व विस्कळीत निर्णयप्रक्रिया तात्काळ प्रभावाने बंद करण्यात येत आहे. ओट्यावर चहा पिण्यास हरकत नाही. मात्र चहा पिताना निर्णय होत असल्याचे आढळून आल्यास कारवाई करण्यात येईल." त्या दिवसापासून बाई आणि तपासनीस अकरा वाजता ओट्यावर समोरासमोर उभे राहून हवामानावर बोलू लागले. मुख्य संस्कृती अधिकारी खिडकीतून लक्ष ठेवून असत. एकदा तपासनीस "आज उकडतंय" म्हणाला आणि बाईंनी पंखा लावला, तेव्हा त्यावरही लेखी खुलासा मागवण्यात आला.

वरच्या मजल्यावर विश्वास निर्माण करण्याचं काम चालू होतं. मार्गदर्शकांच्या मते परस्पर-विश्वासाशिवाय संघाने एकही निर्णय घेणं धोक्याचं असतं, म्हणून आधी विश्वास मोजायचा. दर सोमवारी प्रत्येकाने एक कागद भरायचा: "इतर सहा सदस्यांवर तुमचा किती टक्के विश्वास आहे?" (खाली सही.) पहिल्या सोमवारी सरासरी ब्याण्णव टक्के भरली. कोणी कोणाला किती दिले हे पारदर्शकतेच्या दृष्टीने वाचून दाखवण्यात आलं. दुसऱ्या सोमवारी चौसष्ट. तिसऱ्या सोमवारी एकतीस, आणि विक्रीवाला व हिशेबनीस वेगवेगळ्या जिन्याने ये-जा करू लागले.

"सुंदर," मार्गदर्शक पुटपुटले आणि सगळे पुढे वाकले. "आता तुम्ही खरं बोलताय. पण एकमेकांचं ऐकत नाही आहात."

ऐकण्यासाठी त्यांच्याकडे एक कोरीव लाकडी दांडा होता. दांडा ज्याच्या हातात तो बोलणार, बाकीचे गप्प. दांडा उजवीकडे फिरत जाणार. दुर्दैवाने त्या दिवशी तो दांडा ते टॅक्सीत विसरले होते. त्यांनी टेबलावर नजर फिरवली. कागदांच्या गठ्ठ्याशेजारी प्लास्टिकची एक नवी कोरी रिकामी बाटली उभी होती.

"ही चालेल," ते म्हणाले.

ती बाटली तिथे कशी आली, हे सांगायला हवं. केसांचं तेल बनवणारी एक कंपनी कारखान्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होती. निम्मी झाकणं तिच्याकडे जात. प्लास्टिक वाचवण्यासाठी त्या कंपनीने बाटलीचं तोंड किंचित बारीक केलं आणि नव्या बाटलीचा एक नमुना पत्रासकट पाठवून दिला: पुढच्या खेपेपासून झाकणं या मापाची हवीत. बाईंनी आवक वहीत नोंद केली. जुन्या पद्धतीप्रमाणे ती बाटली अकरा वाजता ओट्यावर गेली असती आणि तपासनिसाने चहाचा कप खाली ठेवण्याच्या आत साचा बदलायचं ठरलं असतं. नव्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक नमुना आधी नेतृत्व-संघासमोर ठेवायचा होता. बाईंनी तो ठेवला. पत्र विक्रीवाल्याच्या टेबलावर गेलं आणि तिथे विश्वासाच्या कागदांखाली गाडलं गेलं. बाटली संघाच्या सेवेत रुजू झाली.

त्या दिवशी ती सात हातांतून चार वेळा फिरली. फोरमनच्या हातात प्रथम आली तेव्हा विषय होता 'मी नेता म्हणून कुठे कमी पडतो?'. फोरमन उत्तर जुळवत होता, आणि त्याच्या नकळत त्याचा अंगठा बाटलीच्या तोंडावरून गोल फिरला. सव्वीस वर्षांत त्या अंगठ्याखालून काही कोटी झाकणं गेली होती. अंगठ्याने पुरतं वर्तुळ करायच्या आत निकाल दिला: अर्धा मिलिमीटर कमी. आपलं झाकण हिच्यावर नुसतं फिरत राहणार.

त्याने तोंड उघडलं. समोर तक्ता होता, त्याच्या नावापुढे दोन लाल टिकल्या होत्या. त्याने तोंड मिटलं, मग पुन्हा उघडलं. "मी... भावना दाबून ठेवतो," असं म्हणून त्याने बाटली उजवीकडे सरकवली.

जिन्याखाली बाई वाट पाहत होत्या.

"भाऊ, ती बाटली खाली पाठवा. तपासनिसाला माप घ्यायचंय. साचा बदलायला चार दिवस लागतात, मी सांगायला हवं का तुम्हाला?"

"बाटली सध्या वापरात आहे, बाई."

"रिकामी बाटली? कशासाठी?"

"ऐकण्यासाठी."

"कानाला लावता?"

"तसं नाही हो. ज्याच्या हातात बाटली, त्याने बोलायचं."

"मग तुमच्या हातात आली नाही का?"

"चार वेळा आली."

"आणि काय बोललात?"

फोरमनने घड्याळ पाहिलं. त्याला कुठेही जायचं नव्हतं.

"सोमवारपासून तेलवाल्यांची चार लाखांची ऑर्डर मशीनवर चढतेय," बाई म्हणाल्या. "जुन्या साच्यावर चढली, तर तुमची ती खुर्ची सांभाळून ठेवा. झाकणं भरून ठेवायला जागा लागेल मला."

घरी त्याने बायकोला अर्धंच सांगितलं. "आज बाटली चारदा हातात आली," तो म्हणाला, आणि बायकोने आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला. खुलासा झाल्यावर ती म्हणाली, "अहो, मग सांगून टाका ना. एक वाक्य तर आहे."

"तिसरी टिकली पडेल."

"पडू दे. स्टूल कुठे पळून गेलंय?"

"रविवारी तुझ्या वडिलांकडे जेवायला जायचंय."

बायको ताटं घ्यायला उठली. तिच्या बहिणीने, म्हणजे साडूच्या बायकोने, मागच्या रविवारी 'तुमचे अजून फॅक्टरीतच का?' असं विचारलं होतं आणि ते तिच्याही पोटात राहिलं होतं.

शुक्रवारच्या बैठकीला फोरमन ठरवून गेला. सांगायचं, एका दमात, टिकली तर टिकली. हात स्वच्छ होते, शर्ट इस्त्रीचा होता. विषय होता 'आपण आणि बाहेरचं जग'. बाटली मालकांकडून निघाली. मेव्हणा, हिशेबनीस, मॅडम करत त्याच्याकडे आली. त्याने ती दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाला:

"या बाटलीचं तोंड बारीक आहे. आपण जे झाकण बनवतोय ते हिला बसणार नाही. आपण असंच करत राहिलो तर सगळं परत येणार."

फोरमनने डोळे मिटून घेतले आणि टिकलीची वाट पाहिली.

"वा," मार्गदर्शक म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज चक्क ऐकू आला. "बाटली म्हणजे बाहेरचं जग. झाकण म्हणजे आपलं नेतृत्व. आणि आपण बसत नाही आहोत!"

"सगळं परत येणार," मेव्हण्याने सावकाश उच्चारून पाहिलं. "कर्म."

माणसं भरती करणाऱ्या मॅडमनी डोळे टिपले. धाकटे मालक उठून उभे राहिले. "फोरमनकाका, अकरा दिवसांच्या शिबिरात मला हे कोणी सांगितलं नाही."

"अहो, नाही, मी म्हणतोय ती ही बाटली—" फोरमनने सुरुवात केली. पण मार्गदर्शकांनी अलगद त्याच्या हातातून बाटली काढून उजवीकडे दिली, आणि ज्याच्या हाती बाटली नाही त्याने बोलायचं नाही, हा नियम सगळ्यांनी मिळून मंजूर केलेला होता. संगणकवाले गृहस्थ झाकणाने स्वतःला बंद करून पुन्हा चालू करावं, या आशयाचं बोलले. विक्रीवाल्याने 'तोंड बारीक आहे' यात बाजाराची अख्खी अवस्था आली असं सांगितलं. (पत्र त्याच्या टेबलावर होतं. तोंड कशाने बारीक झालं हे त्या पत्रात दोन ओळींत लिहिलं होतं.) मालकांनी ते वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून स्वागतकक्षात लावायचं जाहीर केलं. त्याच वेळी मार्गदर्शक तक्त्यापाशी गेले आणि फोरमनच्या नावापुढे त्यांनी हिरवी टिकली लावली. मग रुमालाने कंस पुसला. 'निरीक्षणाधीन' गेलं. फोरमन कायम झाला.

आणि फिरत फिरत बाटली परत त्याच्या हातात आली.

"काका, तुम्हाला आणखी काही सांगायचं होतं ना?" धाकट्या मालकांनी विचारलं. सगळे पुढे वाकले.

कथेच्या दृष्टीने इथे फोरमनच्या मनात वादळ उठायला हवं होतं. प्रत्यक्षात तो जेमतेम चार सेकंद थांबला. ओट्यावर चार मिनिटं लागत. वरच्या मजल्यावर निर्णयप्रक्रिया निश्चितच वेगवान झाली होती. त्याची पाठ खुर्चीला टेकलेली होती. खुर्ची डोक्यापर्यंत होती आणि आता तिला कंस नव्हता. अंगठा बाटलीच्या तोंडापाशी गेला; त्याने तो उचलून मुठीत दाबला.

"नाही," तो म्हणाला. "मन मोकळं झालं."

टाळ्या पडल्या. सोमवारी ऑर्डर जुन्या साच्यावर चढली.

रविवारचं जेवण मात्र चांगलं झालं, असं म्हणता येईल. फोरमनने साडूसमोर कार्ड ठेवलं. साडूने ते लांब धरून वाचलं, मग जवळ धरून वाचलं. "अरे वा. कार्यान्वयन. आमच्या लेव्हलला आता एकशे चौदा जण आहेत," तो म्हणाला, आणि उरलेला वेळ बिचारा गप्पच होता, कारण त्या एकशे चौदांपैकी साठ जणांना कमी करायचं चाललं होतं आणि यादी अजून लागायची होती. फोरमनला वाटलं, कार्डाने काम केलं.

तीन आठवड्यांनी चार लाख झाकणं परत आली.

सोबत तेलाच्या कंपनीचं पत्र होतं. त्यांच्या यंत्रावर झाकण बाटलीवर फिरत राहतं, फिरतच राहतं, घट्ट बसत नाही. पुढील व्यवहाराबाबत फेरविचार चालू आहे. खोक्यांनी ओटा भरला, जिन्याखालची जागा भरली, मोटारींची शेड भरली. फोरमनच्या स्कूटरची जागा सगळ्यात आधी गेली.

नेतृत्व-संघाची तातडीची बैठक तिसऱ्या दिवशी भरली (पहिले दोन दिवस तातडी या शब्दाची व्याख्या ठरवण्यात गेले). या बैठकीत संघाची खरी ताकद दिसली. सात जणांचं इतकं एकमत यापूर्वी कधी झालं नव्हतं, आणि त्या सोमवारी विश्वासाची सरासरी नव्याण्णवावर गेली. चूक संघाची नाही, हे पहिल्या सहा मिनिटांत निष्पन्न झालं; संघाने तर धोक्याचा इशारा लेखी दिला होता, तो स्वागतकक्षात फ्रेम करून लावलेला होता. प्रश्न होता तो इशारा खाली का पोहोचला नाही, हा.

आवक वही मागवण्यात आली. बाईंच्या अक्षरात नोंद होती: "तेलाच्या कंपनीचा नमुना, बाटली एक. वर पाठवली." पुढे 'मिळाली' या रकान्यात कोणाची सही नव्हती.

"सही का घेतली नाही?" मालकांनी विचारलं.

"बैठक चालू होती. सही मागितली तर मॅडम म्हणाल्या, आम्ही सह्या करत नाही, दिशा देतो," बाई म्हणाल्या. मग त्यांनी टेबलाच्या मध्यभागी उभी असलेली बाटली बोटाने दाखवली. "ही काय. ही मिळालेली आहे की नाही, तुम्हीच सांगा."

सगळ्यांनी बाटलीकडे पाहिलं. ती त्या वेळी कोणाच्याच हातात नव्हती, त्यामुळे नियमानुसार कोणी काही बोललं नाही.

बाईंनी फोरमनकडे पाहिलं. पंधरा वर्षं ओट्यावर ज्याचा कप विसळून ठेवला त्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. फोरमन तक्त्याकडे पाहत होता. तक्त्यावर पाहण्यासारखं काही नव्हतं.

"भाऊ," बाई जिन्यात म्हणाल्या, "मला तुमचा राग नाही आला. मला वाटलं, तुमच्या अंगठ्याला कळलंच नसेल. वय झालं म्हटलं."

हे त्याला राग आल्यापेक्षा जास्त लागलं. "कळलं होतं बाई," तो म्हणून गेला.

"हो का," बाई म्हणाल्या. "मग ठीक आहे," आणि खाली गेल्या.

ठराव असा झाला: स्टोअरबाईंची बदली मुख्य फाटकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवण्यासाठी. तपासनिसाला समज. अकराचा चहा आता जागेवर, मशीनपाशीच, उभ्याने. मार्गदर्शकांना आणखी एक वर्ष, कारण संघ आता कुठे आकाराला येत होता.

राहता राहिली चार लाख झाकणं. ती वितळवावीत, असं तपासनिसाचं म्हणणं होतं. पण 'वितळवणे' या शब्दावर लाल टिकली असल्यामुळे विषय पत्रिकेवर आला नाही. विक्रीवाल्याने ती बाहेरच्या बाहेर काढली. जगात लहानसहान बाटल्या भरणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या कितीतरींचं तोंड साधारण त्याच मापाचं असतं. साधारण.

म्हणजे ती तुमच्याकडे आली.

आठवतंय का, गेल्या प्रवासात बॅग उघडली आणि वरचे तीन कपडे तेलाने माखलेले निघाले? तुम्ही झाकण फिरवून पाहिलंत. ते फिरलं, फिरतच राहिलं. मग तुम्ही ताबडतोब, विश्वासाने, कसलाही तपास न करता, जिने बॅग भरली होती तिला (किंवा ज्याने भरली होती त्याला) हाक मारली. "एक झाकण नीट लावता येत नाही?" तिने सांगितलं, की लावलं होतं, दोनदा घट्ट करून पाहिलं होतं. तुम्ही म्हणालात, "लावलं असतंस तर सांडलं असतं का?" अकरा दिवसांच्या कोणत्याही शिबिराला न जाता, टेबल आणि टिकल्या न लागता तुम्ही हे साधलंत. प्रभावी नेतृत्व म्हणतात ते तुमच्या घरात आधीपासूनच आहे, असं दिसतं.

तेव्हा एकूण भरणा असा: धाकटे मालक, काही नाही. मार्गदर्शक, काही नाही. सात जणांचा संघ, काही नाही. फोरमनचा अंगठा हल्ली झाकणांना हात लावत नाही, पण तो खर्च तो स्वतःच्या खिशातून करतो, कंपनीला त्याची तोशीस नाही. स्टोअरबाई, पंधरा वर्षांची जागा आणि डोक्यावरचा पंखा. आणि तुमच्या घरातली ती व्यक्ती, जिने झाकण नीट लावलं होतं. तिचा भरणा अजून चालू आहे. प्रत्येक प्रवासाआधी तुम्ही तिला त्याची आठवण करून देता.